लाइट गेली त्या रात्री



आगमनकाळात दरवर्षी मी इथे चार लेख लिहितो, चार रविवारांचे चार. मागच्या वर्षी एकही लिहिला नाही. मिस्सानंतर दोघातिघांनी विचारले, "काय मास्तर, शाई वाळली काय?" तेव्हा हसून वेळ मारून नेली. आता सांगतो. पण त्यासाठी रेडिओपासून सुरुवात करावी लागेल, तेव्हा जरा धीर धरा.

माझे वडील, आम्ही त्यांना पप्पा म्हणायचो, रेल्वेत पॉइंट्समन होते. नोकरीची बहुतेक वर्षे लोंढा जंक्शनवर गेली. मीटरगेजचे दिवस. एक फाटा कॅसलरॉकचा घाट उतरून गोव्याला जायचा, बाकीचे मिरजेकडे आणि हुबळीकडे. दोन खोल्यांचे क्वार्टर, मागे जंगल, आणि घरात मोलाची वस्तू एकच: कातडी पिशवीतला फिलिप्सचा तीन बँडचा ट्रान्झिस्टर. सकाळी त्यावर रेडिओ सिलोन लागायचे. रात्रपाळी नसेल त्या दिवशी जेवणानंतर पप्पा काटा हळूहळू सरकवत शॉर्टवेव्हवर यायचे. आधी खरखर, मग शिट्टी, मग कुठल्याशा परक्या भाषेतले गाणे, आणि मग लहान घंटांसारखी वाजणारी एक धून. 'ख्रिस्तुस विंचित' या लॅटिन स्तोत्राची ती धून म्हणजे व्हॅटिकन रेडिओची खूण. धून थांबली की निवेदक म्हणायचा, "लाउदेतुर येसुस ख्रिस्तुस." येशू ख्रिस्ताची स्तुती असो. आणि पप्पा डोक्यावरची टोपी काढून त्या डब्याला उत्तर द्यायचे, "सेम्पर लाउदेतुर." सदैव स्तुती असो.

आम्ही भावंडे पांघरुणात तोंड खुपसून हसायचो. पप्पा रोमला उत्तर देतात आणि रोमला ते ऐकूच जात नाही, याची आम्हाला फार गंमत वाटे. लॅटिन त्यांना तेवढेच येत होते, आणि लहानपणी वेदीसेवक असताना पाठ केलेली मिस्सातली उत्तरे. अर्थ कळत नव्हता, पण एक अक्षर चुकत नव्हते.

चार वर्षांपूर्वी पप्पांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात गेला, पाय ओढू लागले, आणि बोलणे गेले. म्हणजे आवाज होता, समजत सगळे होते, पण शब्द ओठांपर्यंत येऊन अडकायचा. डॉक्टरांनी सांगितले की मेंदूचा बोलण्याचा भाग दुखावला आहे. मात्र पाठ झालेल्या गोष्टी, म्हणजे प्रार्थना, गाणी, एक दोन तीन, पुष्कळदा शाबूत राहतात. शिव्याही राहतात हे त्यांनी सांगितले नव्हते, ते आम्हाला पुढे कळले. 'हे आमच्या स्वर्गातील बापा' पप्पा सुरुवातीपासून शेवटपर्यंत न अडखळता म्हणायचे. चहात साखर कमी आहे एवढे मात्र सांगता यायचे नाही.

लूकच्या शुभवर्तमानातला जखऱ्या आठवा. त्याची वाचा गेलेली, आणि मुलाचे नाव काय ठेवायचे हे नातेवाईक त्याला खुणा करून विचारतात. त्याचे कानही बंद झाले होते असे काही भाष्यकार म्हणतात, असेल तसे. पण वर्गात हा पाठ घेताना मला नेहमी वाटत आले की माणसाची जीभ बंद झाली की लोक त्याचे कानही बंद झाले असे धरूनच चालतात. आम्ही तेच केले. पप्पांशी आम्ही सगळे मोठ्याने, तुटक तुटक बोलू लागलो. जखऱ्याने निदान पाटी मागून घेतली. पप्पांचा लिहिता हातच गेला होता.

त्यांच्या तोंडून एक अक्षर वारंवार यायचे. कु. "कु... कु..." आणि आम्ही लगेच, "कुठे? कुठे जायचंय पप्पा? बाथरूमला? बाहेर बसायचंय?" ते मान हलवायचे. "कुकरची शिट्टी? झालं, झालं, वाढतेच आता," माझी पत्नी म्हणायची. "कुत्रं भुंकलं होय?" असे सगळे होऊन गेले की ते तोंड भिंतीकडे फिरवायचे. दिवसातून दोनतीनदा हा प्रकार. दुसऱ्याचे वाक्य पुरे करण्यात घरात मी सगळ्यांत पटाईत. सवयच ती. धर्मशिक्षणाच्या वर्गात मुलांची उत्तरेही निम्म्याहून अधिक मीच पुरी करतो.

रेडिओ त्यांच्या उशाशी असे. डाव्या हाताने ते तो लावायचे, आणि त्यातून यायची फक्त घरघर. पिठाच्या गिरणीत उभे राहिल्यासारखी, या टोकापासून त्या टोकापर्यंत सारखी. मी त्यांना समजावले, अर्थात मोठ्या आवाजात. शॉर्टवेव्हचा जमाना गेला पप्पा. मनिलाच्या रेडिओ व्हेरितास एशियाने २०१८ मध्ये शॉर्टवेव्ह बंद केले, बीबीसीची हिंदी सेवा जानेवारी २०२० मध्ये शॉर्टवेव्हवरून गेली. आता सगळे मोबाइलवर. मी फोनवर व्हॅटिकनचे हिंदी पान उघडून दाखवले. त्यांनी फोनकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले आणि पुन्हा घरघर लावली. मला वाटले, म्हातारपणचा हट्ट. कधीकधी वैतागून मी तो बंदही केला आहे.

मागच्या जुलैत एका रात्री वादळी पावसात आमच्या रस्त्यावरचे झाड विजेच्या तारांवर पडले. संध्याकाळी सातला गेलेली लाइट रात्री अकरापर्यंत आली नाही. दहाच्या सुमारास इन्व्हर्टरनेही मान टाकली. गल्लीत सगळीकडे अंधार. आम्ही मेणबत्ती लावून पप्पांच्या खोलीत जपमाळेला बसलो होतो. त्यांचा रेडिओ नेहमीप्रमाणे उशाशी घरघरत होता, त्याच्याकडे लक्ष न देण्याची आम्हाला सवय झाली होती. इन्व्हर्टर बसला आणि घरघर एकदम थांबली. जणू कोणी कानावरचा हात काढला. आणि त्या डब्यातून एक बाई स्वच्छ इंग्रजीत बातम्या देऊ लागली. मध्ये मध्ये दूरच्या विजांचा कडकडाट, तेवढाच. पप्पांनी आमच्याकडे एकेकाकडे पाहिले. ती नजर मी वर्णन करणार नाही.

रेडिओ बिघडलेला नव्हता. स्टेशने थोडी झाली होती हे खरे, पण संपलेली नव्हती. गोंगाट आमच्या घराचा होता.

माझी मुलगी तेव्हा नववीत. दुसऱ्या दिवशी तिने तपासच मांडला. रेडिओ सेलवर ठेवायचा, अ‍ॅडॉप्टर लावायचा नाही, आणि घरातली एकेक वस्तू बंद करत जायचे. हॉलमधली एलईडी ट्यूब बंद केली, घरघर थोडी उतरली. मोबाइलचे दोन चार्जर काढले, आणखी उतरली. वायफायचा राउटर, टीव्हीचा सेट टॉप बॉक्स. सगळ्यांत मोठा दोषी निघाला पप्पांच्या डोक्यावरचा दिवा, रात्री उठताना त्यांना दिसावे म्हणून मीच आणून लावलेला, स्वस्तातला. त्यांना अंधारात ठेचकळू नये म्हणून लावलेल्या त्या दिव्याने तीन वर्षे त्यांचे कान बंद केले होते.

याचे कारण साधे आहे. पूर्वीच्या पिवळ्या बल्बात नुसती तार तापायची. आताच्या एलईडीच्या बुडाशी आणि चार्जरच्या पोटात विजेचा प्रवाह सेकंदाला हजारो वेळा तोडून-जोडून हवा तसा केला जातो. या तोडजोडीतून ज्या लहरी निघतात त्या शॉर्टवेव्हच्या पट्ट्यांतही पसरतात, आणि घरातले वायरिंग एरियलसारखे त्यांना सगळीकडे नेते. हा गोंगाट अडवणारे भाग आत बसवता येतात, पण स्वस्त मालात आधी तेच गाळले जातात. आणि ज्याला तो गाडून टाकतो ते काय असते? शॉर्टवेव्हची लहर आकाशात वर जाते, आयनांबर नावाच्या थरावरून वळून खाली येते, जमिनीवरून पुन्हा वर. अशा उड्या मारत ती हजारो किलोमीटर येते. रोम इथून सहा हजारांहून अधिक किलोमीटर. पोचेपर्यंत तिच्यात फार थोडे उरते, पण ते थोडे जुन्या ट्रान्झिस्टरलाही पुरते. शेजारी कोणी ओरडत नसले म्हणजे झाले.

मोठमोठ्या शास्त्रज्ञांनाही शांत जागा शोधावी लागते. नारायणगावजवळ खोडदला प्रा. गोविंद स्वरूप यांनी जी रेडिओ दुर्बीण उभारली, ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची, ती तिथे उभारण्याचे एक कारण हेच की त्या डोंगरांआडच्या खोऱ्यात माणसांचा रेडिओ-गोंगाट कमी होता. त्यांना दूरच्या आकाशगंगा ऐकायच्या होत्या. आम्हाला घंटांची एक धून.

होरेब डोंगरावरचा एलीया तुम्हाला आठवला असेल: वारा, भूकंप, अग्नी आणि मग तो मंद स्वर. मलाही आठवला, आणि लगेच लेखाचे शीर्षक सुचले. आगमनकाळाचा पहिला लेख डोक्यात तयारही झाला. पप्पा समोर "कु... कु..." करत होते आणि मी मनात परिच्छेद पाडत होतो.

घरातले सगळे बंद केले तरी शेजाऱ्यांचे काय करणार? गल्लीभर तेच दिवे. एका घराच्या छतावर सोलरचे पॅनेल, त्याच्या इन्व्हर्टरचा आवाज दिवसभर वेगळाच. तेव्हा ठरले, पप्पांना गावाबाहेर न्यायचे. आमच्या धर्मग्रामातल्या एका कुटुंबाची जांबोटीच्या पुढे, कणकुंबीच्या रस्त्याकडे काजूची बाग आहे. पाऊस संपू दिला, विजांचा कडकडाट थांबू दिला, आणि डिसेंबरचा एक शनिवार धरला. पत्नीचा विरोध होता. "थंडीत आजारी माणसाला रानात नेतात का कोणी?" पप्पांनी डाव्या हाताने कानटोपी चढवली आणि दारातल्या खुर्चीवर जाऊन बसले. विषय संपला.

बागेतल्या घराच्या ओसरीवर रेडिओ लावला, तर घरघर नाही, पण टक्... टक्... टक्... सेकंदाला एक ठोका, घड्याळासारखा. मुलगी म्हणाली स्टेशन असेल. स्टेशन कसले! काटा कुठेही नेला तरी ठोका तोच. बागवाला हसला. गव्यांसाठी कुंपणाला लावलेले झटका मशीन ते, बंद केले तर सकाळपर्यंत पीक उरणार नाही. तेव्हा पप्पांनी लोंढ्याच्या यार्डातली एक जुनी शिवी दिली. अगदी स्पष्ट, जोडाक्षरासकट. माझी पत्नी दुसरीकडे बघू लागली.

मग बागवाल्याने आणि मी पप्पांना खुर्चीसकट उचलून गाडीत घातले आणि ओढ्यापलीकडच्या माळावर नेले. तिथे विजेचा खांब दिसत नव्हता. फोनला रेंज नव्हती. दहा मीटर तांब्याची वायर आणली होती. तिचे एक टोक दगड बांधून झाडावर फेकले, दुसरे टोक सोलून रेडिओच्या एरियलला गुंडाळले. पप्पांवर घोंगडे टाकले. रेडिओ लावला, आणि काहीच नाही. मला वाटले सेल गेले. कानाशी नेला तेव्हा अगदी बारीक सूं ऐकू आले, शंख कानाला लावल्यासारखे. गोंगाटच नव्हता, म्हणून यंत्र मेल्यासारखे वाटले.

काटा पप्पांच्या हातात दिला. डाव्या हाताची सवय नसलेली बोटे, पण घाई नाही. एक अरबी पठण गेले. चीनमधून हिंदी बोलणारा एक माणूस गेला. कुठलेसे व्हायोलिन. ३१ मीटरच्या आसपास ते थांबले, थोडे मागे आले, आणि थांबले. आम्ही कोणी बोललो नाही. मुलगी कंटाळून तारे बघत होती. किती वेळ गेला कळले नाही, आणि मग त्या घंटा. आवाज लाटेसारखा वर येत होता, बुडत होता, पुन्हा वर येत होता. ती लाटच सांगत होती की तो दूरवरून येतो आहे. पियुस अकराव्यांनी १२ फेब्रुवारी १९३१ रोजी, स्वतः मार्कोनी शेजारी उभे असताना, जे केंद्र सुरू केले त्याची ही खूण. लहानपणी ऐकली तीच. निवेदक बोलला, "लाउदेतुर येसुस ख्रिस्तुस."

पप्पांनी कानटोपी काढली. "सेम्पर लाउदेतुर."

एक अक्षर अडले नाही. यावेळी कोणी हसले नाही.

कार्यक्रम संपला. पप्पांनीच बटण फिरवले. थंडी चांगलीच वाढली होती, आता निघावे म्हणून मी तोंड उघडणार तेवढ्यात ते म्हणाले, "कु..."

माझ्या जिभेवर 'कुठे' तयार होता. का थांबलो ते सांगता येत नाही. अर्धा तास त्या बारीक सूंमध्ये कान लावून बसल्यामुळे असेल. कान अजून तसेच उघडे होते. "कु..." पुन्हा. मी गप्प. रातकिडे. त्यांचा श्वास जोरात चालला होता. माझ्या पत्नीने काही विचारायला सुरुवात केली, मुलीने तिचा हात दाबला. "कु... म..." आणि डाव्या हाताची मूठ छातीवर. एकदा, दोनदा, तीनदा. "कुम... सार."

आमच्या घरात पापनिवेदनाला कुमसारच म्हणतात, आजीच्या कोंकणीतून आलेला शब्द.

जवळजवळ तीन वर्षे हा माणूस कुमसार मागत होता, आणि ज्याच्याकडे मागत होता तो धर्मग्रामाचा कॅटेकिस्ट. दर पहिल्या शुक्रवारी मी इतर आजाऱ्यांबरोबर त्यांनाही परमप्रसाद देत होतो. तो घेताना ते डोळे मिटायचे, माझ्याकडे बघायचे नाहीत. मी त्याला भक्ती समजत होतो. फादर घरी आले होते, आजाऱ्यांचा अभ्यंगही दिला होता. त्यांनी कुमसाराचे विचारले तेव्हा उत्तर मीच दिले, "बोलता येत नाही फादर, कसं करणार?" पप्पा तिथेच बसलेले. फादरांनी माझ्या शब्दावर विश्वास ठेवला. आणि दरवर्षी प्रथम परमप्रसादाच्या वर्गात एखादे पोर विचारतेच, "सर, मुक्या माणसाने कुमसार कसं करायचं?" मी सांगतो, खुणांनी, मान हलवून, जसे जमेल तसे, ख्रिस्तसभेला ते चालते. हे उत्तर मी किती मुलांना दिले असेल!

परतीच्या वाटेवर मी गाडी चालवत होतो हे बरे, समोर बघावे लागत होते. पप्पा मागे मुलीच्या खांद्यावर झोपून गेले होते. कसले ओझे होते त्यांच्यावर, यार्डातले जुने काही, आईशी झालेले काही, की माझ्याबद्दलचे, असे मन धावू लागले, तेव्हा लक्षात आले की मी पुन्हा त्यांचे वाक्य पुरे करू लागलो आहे.

सोमवारी संध्याकाळी फादर आले. मी त्यांना दारातच सगळे सांगितले. ते काही बोलले नाहीत, गळ्यात स्टोल घातली आणि आत गेले. खुर्ची पप्पांच्या अगदी जवळ ओढली. मी बाहेर पडून दार लावणार, तर पप्पांनी डावा हात वर केला. बोट माझ्याकडे नव्हते. भिंतीवरच्या मेन स्विचकडे होते. फादरांना कळेना. मला कळले. मी मेन स्विच बंद केला, इन्व्हर्टर बंद केला, फादरांच्या हाताशी मेणबत्ती लावून ठेवली आणि जिन्यात जाऊन बसलो.

चाळीस मिनिटे लागली. मध्ये शेजारी डोकावून विचारून गेले, "फक्त तुमचीच गेली काय लाइट?" मी हो म्हटले. आतून काही ऐकू येत नव्हते, यायलाही नको होते.

पप्पा फेब्रुवारीत गेले. तोवर रोज संध्याकाळी मी त्यांच्याजवळ बसत होतो, म्हणून आगमनकाळाचे लेख राहिले. लिहिता आले असते, पण बसलो नाही. ते कधी काही म्हणायचे, कधी नाही. साखरेचे एकदा सांगितले, पुरे दहा मिनिटे घेऊन.

त्या सोमवारी दार उघडले तेव्हा फादर डोळे पुसत होते की चष्मा, ते मेणबत्तीच्या उजेडात नीट दिसले नाही. पप्पा उशीला टेकून बसले होते, रेडिओ मांडीवर, बंद. फादर जिन्यापर्यंत आले आणि म्हणाले, "झालं. लावा आता लाइट. आणि चहा टाका, दोघांना."